‘औराद’ची अक्षरे किती?

कर्नाटकाच्या ईशान्य टोकाला, बीदर जिल्ह्यात, औराद हे तालुक्याचे गाव आहे. एका अंगाला महाराष्ट्रातील उदगीर आणि देगलूर, दुसऱ्या अंगाला तेलंगणातील नारायणखेड. १९५६ पर्यंत हा सारा मुलूख हैदराबाद राज्यात एकत्र नांदत होता. त्या वर्षीच्या १ नोव्हेंबरला राज्यांची पुनर्रचना झाली आणि जुन्या बीदर जिल्ह्याचे तुकडे पडले. उदगीर, निलंगा, अहमदपूर हे तालुके मुंबई राज्यात गेले; बीदर, भालकी, हुमनाबाद आणि औराद म्हैसूर राज्यात राहिले. सीमा बदलली, पण माणसांची बोली बदलली नाही. येथे घरात मराठी, कचेरीत कन्नड आणि बाजारात दखनी किंवा तेलुगू असा व्यवहार आजही सहज चालतो.

या भागातील शिकलेली मुले नोकरीसाठी पुणे, हैदराबाद किंवा बंगळूर गाठतात आणि त्यांतील अनेक जण संगणकाच्या आज्ञावली लिहिण्याच्या कामात शिरतात. तेथे त्यांना पडणारे प्रश्न जगभरच्या प्रोग्रॅमरांना पडणारेच असतात. शब्दाची लांबी चुकीची का येते? फाइल उघडल्यावर अक्षरांचा कचरा का दिसतो? समोर दिसणारे नाव शोधल्यावर सापडत का नाही? यादीचा क्रम का बिघडतो? परंतु मराठी आणि कन्नड मजकुराशी गाठ पडली की या प्रश्नांची पुस्तकी उत्तरे अपुरी ठरतात, कारण ती इंग्रजी वर्णमाला गृहीत धरून लिहिलेली असतात. खरे उत्तर साधनापेक्षा लिपीच्या घडणीत दडलेले असते.

गोमंतकीय वाचकाला हा विषय परका वाटण्याचे कारण नाही. एकच कोकणी आपल्याकडे नागरीत आणि रोमीत लिहिली जाते, तर मंगळूरकडे कन्नड लिपीत. १९८७ च्या राजभाषा कायद्याने नागरी लिपीतील कोकणीला राजभाषेचे स्थान दिले आणि मराठीचा शासकीय वापरही मान्य केला. त्यामुळे औरादच्या नावापाशी उभे राहणारे प्रश्न पणजीच्या कार्यालयातही उभे राहतातच. ते एकेक करून समजून घेऊ, आणि उदाहरणासाठी ‘औराद’ हाच शब्द हाताशी धरू.

एका शब्दाच्या तीन लांब्या कशा?

‘औराद’ या शब्दात अक्षरे किती, असे शाळकरी मुलाला विचारले तर तो औ, रा, द अशी तीन मोजील. हाच प्रश्न संगणकाला विचारला तर उत्तर भाषेगणिक बदलते. स्विफ्ट ही भाषा ३ सांगते. पायथन, जावा आणि जावास्क्रिप्ट ४ सांगतात. गो आणि रस्ट यांची लांबी सांगणारी नेहमीची आज्ञा १२ सांगते. पीएचपीची जुनी आज्ञाही १२ च सांगते. तिच्याच ‘मल्टिबाइट’ जातीच्या आज्ञेला विचारले तर उत्तर ४ येते. नवशिक्याला वाटते की यांतील एकच बरोबर असणार. वस्तुतः तिन्ही बरोबर आहेत. प्रत्येकाने वेगळी वस्तू मोजली आहे.

युनिकोड या जागतिक संकेतप्रणालीत प्रत्येक लिपिचिन्हाला एक क्रमांक दिलेला असतो. त्याला आपण संकेतांक म्हणू. औ हा स्वर एक चिन्ह, र हे एक, काना हे स्वतंत्र तिसरे आणि द हे चौथे. त्यांचे संकेतांक अनुक्रमे २३२४, २३५२, २३६६ आणि २३४२. म्हणून पायथनचे उत्तर ४. हे क्रमांक साठवताना बहुधा यूटीएफ-८ ही पद्धत वापरतात. तिच्यात इंग्रजी अक्षराला एक बाइट पुरतो, पण २०४८ पासून ६५,५३५ पर्यंतच्या संकेतांकांना प्रत्येकी तीन बाइट लागतात. नागरीचा विभाग २३०४ पासून सुरू होतो, म्हणून चार चिन्हांचे बाइट १२. आणि वाचणाऱ्याच्या डोळ्याला जे एकसंध अक्षर दिसते ते मोजले, म्हणजे काना र ला चिकटलेलाच धरला, तर उत्तर ३.

जोडाक्षर आले की गुंता वाढतो. ‘क्षेत्र’ या शब्दात आपल्याला क्षे आणि त्र ही दोन अक्षरे दिसतात, पण संकेतांक सात आहेत: क, हलन्त, ष, मात्रा, त, हलन्त, र. दृश्य अक्षरे मोजण्याचा युनिकोडचा मूळ नियम हलन्तापाशी तुकडा पाडत असे आणि या शब्दाची चार अक्षरे करीत असे. २०२३ साली आलेल्या १५.१ व्या आवृत्तीत तो नियम सुधारला आणि नागरी जोडाक्षर अखंड धरले जाऊ लागले. जी साधने अजून जुन्या नियमावर चालतात, ती आजही चारच सांगतील.

या मोजणीचे परिणाम फार व्यावहारिक असतात. नाव साठवण्यासाठी वीस बाइटांची जागा ठेवली तर इंग्रजीची वीस अक्षरे मावतात, नागरीची मात्र सहा चिन्हे. जागा संपली म्हणून बाइटांच्या हिशेबाने मजकूर छाटला तर शेवटचे चिन्ह अर्धवट तुटते आणि पडद्यावर काळ्या चौकटीतील प्रश्नचिन्ह उमटते. संकेतांकांच्या हिशेबाने छाटला तर काना, वेलांटी किंवा मात्रा गळते. मोबाइलवरच्या एका लघुसंदेशात इंग्रजीची १६० अक्षरे मावतात. नागरी किंवा कन्नड मजकूर असेल तर ही मर्यादा ७० चिन्हांवर येते, आणि काने-मात्रा त्यात स्वतंत्र मोजल्या जातात. पीकविम्याची मुदत कळवणारा संदेश शेतकऱ्याला मध्येच तुटलेला मिळू नये, असे वाटत असेल तर प्रोग्रॅमरने आधी स्वतःला विचारावे: मी काय मोजतो आहे? जागा ठरवायची तर बाइट मोजावेत, माणसाला दाखवायचे तर अक्षरे मोजावीत.

मराठीतून कन्नडात जाण्यासाठी ८९६ मिळवावेत काय?

सीमाभागातील प्रोग्रॅमरला कधी ना कधी पडणारा हा प्रश्न मोठा मनोरंजक आहे. नागरी ‘औराद’चे चार संकेतांक वर दिले. त्या प्रत्येकात ८९६ मिळवा: ३२२०, ३२४८, ३२६२, ३२३८. हे चार क्रमांक पडद्यावर आणले तर कन्नड लिपीत ‘औराद’ उमटते! हा योगायोग नव्हे. त्यामागे भारतीय संशोधनाचा इतिहास आहे.

आयआयटी कानपूर येथे भारतीय लिप्यांसाठी संगणकतंत्र विकसित झाले आणि १९८८ मध्ये स्थापन झालेल्या पुण्याच्या सी-डॅक या संस्थेने ते ‘जिस्ट’ या नावाने पुढे नेले. ब्राह्मीपासून निघालेल्या साऱ्या लिप्यांची वर्णमाला मुळात एकच आहे, हे ओळखून ‘इस्की’ नावाचा एक समान संकेत तयार झाला. त्याचे प्रमाणीकरण भारतीय मानक १३१९४ म्हणून १९९१ मध्ये झाले. त्यात क म्हणजे क. तो नागरीत दाखवावा की कन्नडात, हे वेगळे ठरवायचे. युनिकोडने प्रत्येक लिपीला स्वतंत्र घर दिले, पण १९८८ च्या इस्कीतील खोल्यांची मांडणी घराघरात तशीच ठेवली. नागरीचे घर २३०४ वर सुरू होते, कन्नडचे ३२०० वर; दोहोंतील अंतर ८९६. ळ असो वा ऱ, अंतर तेवढेच.

मग केवळ बेरजेने लिप्यंतर साधते काय? साधत नाही, आणि का साधत नाही हे कळण्यासाठी दोन्ही भाषा याव्या लागतात. मराठीत ‘बीदर’ लिहिले की शेवटचा अ आपण उच्चारीत नाही. कन्नडात लिहिलेला अ उच्चारला जातो, म्हणून तेथे ‘बीदर’ लिहिताना शेवटच्या र चा पाय मोडावा लागतो. ‘भालकी’ हे नाव मराठीत पाच चिन्हांत लिहिले जाते. कन्नडात ल चा पाय मोडलेला आणि शेवटची वेलांटी ऱ्हस्व, अशी सहा चिन्हे होतात. नुसती बेरीज करून मिळणारे ‘भालकी’ कन्नड माणूस वाचील, पण तसे कधी लिहिणार नाही. कन्नडात ए आणि ओ यांची ऱ्हस्व व दीर्घ अशी दोन रूपे आहेत. मराठीच्या नेहमीच्या लेखनात तो भेद दाखवला जात नाही. उलट ‘ॲप’मधील ॲ साठी कन्नडच्या घरात त्या जागी खोलीच नाही. सारांश, ८९६ हे अंतर लिप्यांमधले आहे, भाषांमधले नव्हे. यंत्राने दिलेले लिप्यंतर हा कच्चा खर्डा समजावा आणि गावाची, माणसांची नावे दोन्ही भाषा जाणणाऱ्याच्या नजरेखालून घालावीत.

फाइल उघडल्यावर अक्षरांचा कचरा का दिसतो?

गावांची यादी तयार करून स्वल्पविरामांनी विभागलेल्या फाइलीत जतन केली आणि ती एक्सेलमध्ये थेट उघडली, की पुष्कळदा मराठीच्या जागी विचित्र रोमन चिन्हे दिसतात. माहिती नष्ट झाली या समजुतीने अनेक जण फाइल पुसून टाकतात. माहिती जशीच्या तशी असते. एक्सेलने फक्त तिचा संकेत चुकीचा ओळखलेला असतो. यूटीएफ-८ चे तीन बाइट तो तीन स्वतंत्र पाश्चात्त्य अक्षरे म्हणून वाचतो. फाइल थेट न उघडता माहिती आयात करण्याच्या मार्गाने घ्यावी आणि तेथे यूटीएफ-८ निवडावे. किंवा जतन करतानाच ‘सीएसव्ही यूटीएफ-८’ हा पर्याय घ्यावा.

हा कचरा वाचताही येतो. नागरीच्या प्रत्येक चिन्हाच्या जागी डोक्यावर तिरपी रेघ असलेला रोमन ‘ए’ दिसतो आणि त्यापाठोपाठ चार पाय फुटलेल्या वर्तुळासारखी चलनाची खूण किंवा जपानी येनची खूण येते. कन्नड मजकूर असेल तर त्याच रोमन ‘ए’नंतर वर चढवलेला लहानसा २ किंवा ३ येतो. दोन्ही भाषांच्या फाइली हाताळणाऱ्याला केवळ या दुसऱ्या खुणेवरून बिघडलेली फाइल मूळची मराठी की कन्नड, हे सांगता येते.

गिट वापरणाऱ्यांना याच गोष्टीचे दुसरे रूप भेटते. फाइलीला ‘औराद’ असे नाव दिले तर गिटच्या यादीत ते ३४०, २४४, २२४ अशा तिरप्या रेघांनी तोडलेल्या आकड्यांत दिसते. हे आकडे म्हणजे तेच बाइट, अष्टमान पद्धतीत लिहिलेले. गिटच्या मांडणीतील ‘कोअर.कोटपाथ’ हा पर्याय बंद केला की नाव नागरीत दिसू लागते.

तिसरा प्रकार अधिक हट्टी आहे. युनिकोडचा प्रसार होण्यापूर्वी मराठी वृत्तपत्रे व छापखाने पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकची श्रीलिपी किंवा तत्सम फॉन्ट वापरीत. त्या पद्धतीत संगणकाच्या दृष्टीने मजकूर रोमनच असे. केवळ फॉन्टमुळे तो मराठी दिसे. फॉन्ट काढून घेतला की मराठीही नाहीशी होते. अशा फाइलींना संकेत बदलून उपयोग नसतो. त्या विशिष्ट फॉन्टचा परिवर्तक वापरून मजकूर युनिकोडमध्ये आणावा लागतो आणि मग डोळ्यांनी तपासावा लागतो. विंडोज २००० मध्ये नागरीची सोय आली, तर कन्नडची विंडोज एक्सपीत, म्हणजे २००१ मध्ये. त्यांसोबत आलेले नागरीचे ‘मंगल’ आणि कन्नडचे ‘तुंगा’ हे दोन्ही फॉन्ट मराठी कवी व सुलेखनकार र. कृ. जोशी यांच्या मार्गदर्शनाखाली घडले, हे येथे आवर्जून नोंदवले पाहिजे.

दोन शब्द सारखे दिसतात, तरी यंत्र त्यांना वेगळे का म्हणते?

मराठीच्या प्रोग्रॅमरला सर्वांत अधिक छळणारा प्रश्न हा आहे. ‘दर्या’ म्हणजे समुद्र आणि ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरांमधील खोल भाग. पहिल्यात रफार, दुसऱ्यात पापणीसारखा दिसणारा अर्धा र. हा दुसरा र संगणकात दोन रीतींनी लिहिता येतो. एक रीत ऱ या स्वतंत्र वर्णाची, ज्याचा संकेतांक २३५३ आहे. दुसऱ्या रीतीत साधा र, हलन्त आणि त्यापुढे ८२०५ क्रमांकाचे अदृश्य ‘जोडचिन्ह’. पडद्यावर दोन्ही दऱ्या तंतोतंत सारख्या. यंत्राच्या लेखी मात्र भिन्न. एका कारकुनाने ‘कऱ्हाड’ पहिल्या रीतीने टंकले आणि दुसऱ्याने दुसऱ्या रीतीने शोधले, तर नोंद सापडत नाही.

अनेक जण यावर युनिकोडचे ‘सामान्यीकरण’ सुचवतात. ते करावेच, र आणि खालचा नुक्ता अशी जोडी आली तर त्यातून ऱ तयार होतो. पण अदृश्य जोडचिन्हाची रीत त्याने बदलत नाही. त्याहून वाईट म्हणजे, काही आज्ञावली मजकूर ‘स्वच्छ’ करताना सारी अदृश्य चिन्हे काढून टाकतात. मग दुसऱ्या रीतीने लिहिलेल्या ‘दऱ्या’ चक्क ‘दर्या’ होतात. दऱ्यांत समुद्र शिरावा, तसा हा प्रकार. यावर उपाय असा की, माहिती साठवण्यापूर्वीच र, हलन्त आणि जोडचिन्ह या क्रमाचे ऱ आणि हलन्त यांत रूपांतर करण्याचा स्वतःचा नियम लिहावा, आणि तो शोधतानाही लावावा.

ॲ ची कथा अशीच आहे. मराठीचा ॲ युनिकोडमध्ये ५.१ या आवृत्तीत, २००८ मध्ये आला. त्याआधी लोक अ वर चंद्र देऊन काम भागवीत, किंवा हिंदीच्या पद्धतीने ए वर चंद्र देत. त्यामुळे एकाच स्वराची तीन लेखने आजही प्रचारात आहेत आणि सामान्यीकरणाने ती एक होत नाहीत.

त्यात नावांची मूळ संदिग्धता भर घालते. बीदर जिल्ह्यातील औरादखेरीज लातूर जिल्ह्यातील निलंगा तालुक्यात औराद शहाजानी हे दुसरे मोठे गाव आहे. ज्या शहराला मराठी माणूस गुलबर्गा म्हणत आला त्याचे अधिकृत नाव १ नोव्हेंबर २०१४ पासून कलबुर्गी झाले. म्हणून जाणता प्रोग्रॅमर नावाला कधीच ओळख समजत नाही. प्रत्येक गावाला एक स्वतंत्र क्रमांक देतो आणि जुने, नवे, मराठी, कन्नड अशी सारी नावे त्या एका क्रमांकाखाली ठेवतो.

शोधाच्या सूत्रात शब्द का तुटतो?

मजकुरातून शब्द वेचण्यासाठी ‘रेग्युलर एक्स्प्रेशन’ नावाची सूत्रे वापरतात. त्यात ‘शब्दातील अक्षर’ या अर्थाची एक तयार खूण असते. पायथनच्या नेहमीच्या साधनात ती वापरून ‘औराद’ शोधले, तर हाती दोन तुकडे येतात: ‘और’ आणि ‘द’. कारण काना हे त्या साधनाच्या दृष्टीने अक्षर नव्हेच. केवळ एक जोड. बीदरचे गाव पाहता पाहता हिंदीतील उभयान्वयी अव्यय होऊन बसते. जावास्क्रिप्टमध्ये तर ही खूण रोमन अक्षरांपुरतीच आहे; तेथे ‘औराद’ मुळी सापडतच नाही. पायथनसाठी ‘रेजेक्स’ हे वेगळे साधन मिळते, ते काना-मात्रांना शब्दाचा भाग मानते. जावास्क्रिप्टमध्ये २०१८ पासून युनिकोडच्या वर्गांवर आधारलेली खूण उपलब्ध आहे. तिच्यात अक्षरे आणि जोडचिन्हे असे दोन्ही वर्ग मागावे लागतात.

अंकांचेही तसेच. महाराष्ट्रातील सातबारावर गट क्रमांक नागरी अंकांत असू शकतो. ‘१२३’ हा मजकूर पायथन आणि जावा निमूटपणे संख्या म्हणून स्वीकारतात. जावास्क्रिप्ट ‘ही संख्या नव्हे’ असे उत्तर देते. म्हणजे ब्राउझरमध्ये चालणारा अर्ज जो क्रमांक नाकारतो, तोच मागचा सर्व्हर खुशाल स्वीकारतो. अर्ज भरणाऱ्याला आपले काय चुकले हे कधीच कळत नाही. नागरी आणि कन्नड अंक स्वीकारून ते आतल्या आत एका रूपात आणणे, हे चार ओळींचे काम आहे. ते न केल्याचा त्रास मात्र हजारो जणांना होतो.

यादीचा क्रम का बिघडतो?

कामत, कावळे, काशीनाथ, काळे हा मराठी कोशाचा क्रम. संगणकाने नुसत्या संकेतांकांवरून लावलेला क्रम कामत, काळे, कावळे, काशीनाथ असा येतो, कारण युनिकोडमध्ये ळ हा ल च्या लगेच पुढे बसवला आहे. आपल्या वर्णमालेत त्याची जागा ह नंतर आहे. कन्नड वर्णमालेतही ळ ह च्या पुढेच येतो. येथे दोन्ही शेजारणी एकमताच्या आहेत. क्षीरसागर आणि ज्ञानेश्वर यांनाही यंत्र क आणि ज च्या घरी पाठवते, तर मराठीत क्ष आणि ज्ञ सर्वांत शेवटी येतात.

हे सारे नियम युनिकोडच्या ‘सीएलडीआर’ या भाषावार कोशात मराठीच्या नावे नोंदवलेले आहेत. प्रोग्रॅमरने ते मागायचे असतात. जावास्क्रिप्टमध्ये ‘कोलेटर’ या साधनाला मराठी भाषा सांगावी. पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये १० व्या आवृत्तीपासून, म्हणजे २०१७ पासून, ही सोय आहे. निकालाच्या किंवा मतदारांच्या छापील यादीत आपले नाव शोधणारा माणूस शाळेत शिकलेल्या क्रमानेच बोट फिरवतो; यंत्राचा क्रम त्याने का शिकावा?

डेटाबेस मराठी स्वीकारतो, मग मध्येच का अडतो?

मायएसक्यूएल या डेटाबेसमध्ये ‘यूटीएफ८’ नावाचा जो जुना पर्याय आहे, तो एका चिन्हाला फार तर तीन बाइट देतो. नागरी व कन्नड यांना तीन बाइट पुरतात, म्हणून वर्षानुवर्षे काही बिघडत नाही. एखाद्याने शेरा लिहिताना शेवटी इमोजी टाकली की चार बाइट लागतात आणि नोंद नाकारली जाते. मोडी लिपीलाही हेच लागू पडते. मोडीचा समावेश युनिकोडमध्ये २०१४ साली झाला आणि तिचे घर ७१,१६८ पासून सुरू होते. प्रत्येक चिन्हाला चार बाइट. मोडी दस्तऐवजांची सूची करू पाहणाऱ्याने पहिल्याच दिवशी ‘यूटीएफ८एमबी४’ हा पर्याय निवडावा. मायएसक्यूएलच्या ८.० या आवृत्तीपासून तोच मूळचा पर्याय आहे; अडचण जुन्या आवृत्तीवर उभारलेल्या डेटाबेसांची आहे.

मराठीतून आज्ञावली लिहिता येते काय?

काही अंशी येते. पायथनच्या तिसऱ्या पिढीत चलाला ‘गाव’ असे नाव देऊन त्यात ‘औराद’ ठेवता येते. जावा आणि जावास्क्रिप्टमध्येही येते. आज्ञांचे मूळ शब्द मात्र इंग्रजीच राहतात. गो भाषेत गंमत आहे. तेथे ‘घर’ हे नाव चालते, ‘गाव’ चालत नाही. कारण नावात केवळ अक्षरे आणि अंक असावेत असा तिचा नियम आहे आणि काना तिच्या लेखी अक्षर नव्हे. शिवाय एखादे नाव बाहेरच्यांसाठी खुले करायचे तर ते मोठ्या लिपीतील अक्षराने सुरू व्हावे लागते, आणि नागरीत मोठी-लहान लिपी नसतेच. विशेष हे की, यूटीएफ-८ ची रचना १९९२ मध्ये ज्या केन थॉम्प्सन आणि रॉब पाइक यांनी केली, तेच गो भाषेच्या तीन कर्त्यांपैकी दोघे आहेत. जगातल्या साऱ्या लिप्यांसाठी दार उघडणाऱ्यांनाही काना-मात्रांचे महत्त्व सहज जाणवले नाही. तेव्हा संघात काम करताना चलांची नावे रोमनमध्ये ठेवावीत, पण कामाची कारणे सांगणाऱ्या टिपा मराठीत लिहाव्यात. त्याला कोणतीही भाषा अडवीत नाही.

हे प्रश्न कुणाचे?

वर पाहिलेला प्रत्येक प्रश्न वरकरणी साधनांचा वाटतो, पण त्याच्या दुसऱ्या टोकाला एक माणूस उभा असतो. गोव्यात एक-चौदाचा उतारा, महाराष्ट्रात सातबारा, कर्नाटकात पहाणी. कर्नाटकाने २००० च्या सुमारास ‘भूमी’ प्रकल्पाद्वारे जमिनीच्या नोंदी संगणकावर आणल्या, त्या कन्नडात. औरादच्या एखाद्या कुटुंबाची काही जमीन सीमेपलीकडे उदगीर तालुक्यात असेल, तर त्याच कुटुंबाचे नाव तेथे मराठीत नोंदलेले असते, आणि बँकेत ते रोमन लिपीत असते. अनुदान किंवा विम्याची रक्कम देताना ही तिन्ही नावे जुळावी लागतात. ती जुळवणारी आज्ञावली लिहिणाऱ्याला पाय मोडलेला र, अदृश्य जोडचिन्ह आणि ऱ्हस्व-दीर्घ ठाऊक नसेल, तर नाव जुळत नाही आणि खेटे घालावे लागतात ते शेतकऱ्याला.

इंग्रजीत शिकवल्या जाणाऱ्या अभ्यासक्रमांत हे ज्ञान सहसा मिळत नाही. ते घरात मराठी आणि शाळेत कन्नड शिकलेल्या मुलामुलींपाशी आपोआप आलेले असते. त्याला संगणकाच्या संकेतांची जोड द्यावी लागते एवढेच. कोकणी दोन लिप्यांत वाचणाऱ्या आपल्या विद्यार्थ्यांपाशीही ते आहे. नवी प्रणाली तयार झाली की तिची परीक्षा ‘अबक’ लिहून घेऊ नये. तिला औराद, भालकी, कऱ्हाड, क्षेत्र, काळे, ॲप आणि १२३ ही सात नावे-आकडे द्यावेत. ती साठवता आली, शोधता आली, योग्य क्रमाने लावता आली आणि छाटताना मोडली नाहीत, तर ती प्रणाली आपल्या लोकांच्या कामाची आहे असे समजावे. मोडली, तर दुरुस्ती माणसांच्या नावात नव्हे, आज्ञावलीत करावी.